डोंगराची किंमत दहा हजार

डोंगराची सरकारी किंमत दहा हजार रुपये आहे. अशी ती कुठे छापलेली नाही, पण साधी वजाबाकी केली की हाती येते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात केंद्राच्या निकषानुसार सपाटीवर घर बांधणाऱ्याला १ लाख २० हजार रुपये मिळतात. तेच घर डोंगराळ किंवा दुर्गम ठरलेल्या भागात असेल तर १ लाख ३० हजार. भिंती तेवढ्याच, छप्पर तेवढंच, किमान क्षेत्रफळही तेच : २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. मग वरचे दहा हजार कशाचे? चढाचे, वळणांचे, पावसात खचणाऱ्या रस्त्याचे आणि टेम्पो जिथे थांबतो तिथून पुढे डोक्यावरून न्यायच्या सिमेंटच्या गोण्यांचे.

अंदाजपत्रक हा मराठीतला सर्वांत कमी वाचला जाणारा साहित्यप्रकार असावा. इंजिनिअर तो लिहितो, ठेकेदार शेवटचं पान बघतो, लेखापरीक्षक त्यात चुका शोधतो. पण आदिवासी भागातल्या एखाद्या सरकारी बांधकामाचं अंदाजपत्रक सावकाश वाचलं तर कळतं, की राज्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्यात रुपये-पैशांत नोंदलेलं आहे. ज्या गोष्टीला रकाना आहे तिला पैसे मिळतात. जिला रकाना नाही तिचाही खर्च होतोच, फक्त तो घरातलं कुणीतरी सोसतं.

अर्धा मिक्सर

आमच्या चिखलीत काँक्रीट ही रस्त्यावरून रोज फिरणारी गोष्ट आहे. १९९७ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, तेव्हा इथे शेती होती. आता मोशीपासून तळवड्यापर्यंत इमारती चढताहेत आणि पोट फिरवत जाणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरना वाट देणं हा इथल्या दुचाकीस्वाराच्या दिनक्रमाचा भाग झाला आहे. नेहमीच्या अशा एका मिक्सरमध्ये सहा घनमीटर काँक्रीट मावतं.

आता घरकुलाचा स्लॅब मोजू. आत २५ चौरस मीटर जागा, भोवती भिंतींची जाडी आणि थोडा छज्जा धरला तर स्लॅबचं क्षेत्र तीसेक चौरस मीटर होतं. जाडी १२ सेंटीमीटर. गुणाकार केला की उत्तर येतं ३.६ घनमीटर. म्हणजे चिखलीच्या सिग्नलला उभ्या असलेल्या एका मिक्सरमध्ये एका घराचा अख्खा स्लॅब असतो आणि दुसऱ्या घराच्या स्लॅबचा बराचसा भागही. इथे ते काम एका सकाळचं.

हाच मिक्सर चाकण, राजगुरुनगर, वाडा करत भीमाशंकरच्या बाजूला न्यायचा म्हटलं तर? तयार काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार पाणी पडल्यापासून साधारण दोन तासांत माल ओतला गेला पाहिजे. सिमेंट वाहतूक कोंडीसाठी थांबत नाही. चाकणच्या चौकातच त्यातला किती वेळ जाईल, हे या पट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको. शिवाय शेवटच्या वाडीपर्यंत एवढा जड मिक्सर चढणार नाही तो नाहीच. तिथे खडी, वाळू आणि सिमेंट वेगवेगळं जातं आणि माल फावड्यांनी किंवा छोट्या मिक्सरनं जागेवर कालवला जातो. त्याच ३.६ घनमीटरला सिमेंटच्या तीसेक गोण्या लागतात. प्रत्येक गोणी ५० किलोची, म्हणजे नुसतं सिमेंटच दीड टन. खडी-वाळूचं वजन त्याच्या कितीतरी पट.

हे ओझं कागदावर कसं येतं, तिथून खरी गंमत सुरू होते.

टक्क्यांचा भूगोल

सरकारी इमारतीचं, म्हणजे आश्रमशाळेचं किंवा वसतिगृहाचं अंदाजपत्रक दरसूचीवर उभं असतं. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची म्हणजे कामाच्या प्रत्येक तुकड्याचा भाव : एक घनमीटर खोदकाम, एक चौरस मीटर गिलावा, एक किलो सळई. प्रत्येक भावाच्या पोटात साहित्य, मजुरी आणि यंत्र यांचं पृथक्करण असतं. त्यावर चढतो ‘लीड’, म्हणजे माल किती लांबून आणायचा त्याचं भाडं; आणि ‘लिफ्ट’, म्हणजे तो किती उंच चढवायचा त्याचा मोबदला. खडी कोणत्या खाणीतून, वाळू कुठून, विटा कुठून, याचा तक्ता अंदाजपत्रकाला जोडलेला असतो. तो तक्ता त्या मुलखाचा नकाशाच असतो, फक्त रेषांऐवजी किलोमीटर आणि रुपये असलेला.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीचं पहिलंच प्रकरण पायाचं नाही, विटांचं नाही, तर वाहतुकीचं आहे. त्यात वाहनानं वाहतूक आहे, तशीच माणसांनी करायची वाहतूकही आहे, आणि तिचा हिशेब मीटरमध्ये आहे. माणसाच्या डोक्यावरच्या ओझ्यालाही सरकारनं भाव ठरवून ठेवला आहे.

महाराष्ट्राच्या दरसूच्यांमध्ये आणखी एक गोष्ट आहे. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थक्क झालो. काही भागांत काम करायचं असेल तर दरावर टक्केवारीनं वाढ मिळते. त्या भागांत अधिसूचित आदिवासी क्षेत्र आहे, मेळघाटासारखा भाग आहे. महापालिका-नगरपालिकांची हद्द आहे. आणि साखर कारखान्याचा परिसरही आहे. कारखान्याशी बांधकामाचा काय संबंध, असं वाटेल. पण ऊसतोडीच्या हंगामात गवंडी आणि बिगारी मिळणं किती अवघड होतं, हे त्या परिसरातल्या कुणालाही विचारा. आदिवासी क्षेत्रात वस्ती विरळ आहे म्हणून काम महाग, शहरात गर्दी आहे म्हणून महाग. चिखली आणि भीमाशंकरच्या कुशीतलं गाव, दोघांनाही वाढीव दर मिळू शकतो आणि कारणं मात्र नेमकी उलटी.

या सगळ्या बेरजेवर पुन्हा थर चढतात. गौण खनिजाची रॉयल्टी, साहित्याच्या चाचण्यांचा खर्च, बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १ टक्का उपकर, वस्तू व सेवा कर, अकल्पित खर्चाची तरतूद. केंद्रीय दरपृथक्करणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरलेले असतात. म्हणजे ठेकेदारानं नफा कमवावा, हे सरकारला केवळ मान्यच नाही, ते प्रत्येक विटेच्या भावात आधीच मिसळलेलं आहे.

शाळेचा डोंगर, घराचा डोंगर

आता त्या दहा हजारांकडे पुन्हा बघू. १ लाख २० हजारांवर दहा हजार म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. याआधीच्या इंदिरा आवास योजनेत अखेरच्या वर्षांत ही रक्कम सपाटीवर ७० हजार आणि डोंगराळ भागात ७५ हजार होती. तेव्हा डोंगर पाच हजारांचा होता. २०१६ मध्ये नवी योजना आली आणि त्याची किंमत दुप्पट झाली.

पण सरकार डोंगराला सगळीकडे एकच भाव देत नाही. आदिवासी मुलांसाठी केंद्र सरकार एकलव्य आदर्श निवासी शाळा बांधतं, एका शाळेत ४८० विद्यार्थी. अशा शाळेच्या बांधकामाची मर्यादा पूर्वी सपाट भागात २० कोटी आणि डोंगराळ, दुर्गम भागात २४ कोटी होती. ती वाढून ३७ कोटी ८० लाख आणि ४८ कोटी झाली. इथे डोंगराचा फरक १० कोटी २० लाखांचा, म्हणजे जवळजवळ २७ टक्के.

डोंगर तोच. शाळेला तो २७ टक्के महाग पडतो, घराला सव्वाआठ टक्के. असं का? माझं उत्तर असं : शाळा ठेकेदार बांधतो. त्याला डोंगर जेवढा महाग पडेल तेवढा तो निविदेत भरतो. पैसे पुरले नाहीत तर निविदाच येत नाही आणि फाइल परत जाते. म्हणून शाळेच्या डोंगराचा भाव बाजार ठरवतो. घरकुल मात्र लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं. ठेकेदार नेमायचा नाही, हा योजनेचा नियमच आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे : मधला दलाल टळावा, घर घरच्यांच्या मनासारखं व्हावं. पण त्यामुळे घरकुलात १५ टक्के नफा-वरखर्चाचा रकाना नाही, अकल्पित खर्चाचा नाही, लीडचा नाही, लिफ्टचा नाही. डोंगर अंगावर घेणारे खांदे घरचेच असल्यानं त्यांची निविदा कुणी मागवत नाही.

या घराला मजुरीचा एक रकाना मात्र आहे, आणि त्याचं मूळ महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकारानं राज्यात रोजगार हमी सुरू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे तीच कल्पना २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात उतरली. घरकुल बांधणाऱ्या कुटुंबाला रोजगार हमीतून स्वतःच्याच घरावर काम केल्याची मजुरी मिळते : सपाटीवर ९० दिवसांची, डोंगराळ भागात ९५ दिवसांची. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर रोजी ३१२ रुपये होता. त्या दरानं ९० दिवसांचे २८ हजार ८० रुपये होतात. जादा पाच दिवसांचे १ हजार ५६०. तेव्हा शीर्षकातला आकडा दुरुस्त करायला हवा : डोंगराची नेमकी किंमत ११ हजार ५६० रुपये.

सात हजार विटा

पुणे जिल्ह्यात मावळ, मुळशी, खेड, जुन्नरच्या डोंगरपायथ्यांना कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. भारतात ७५ जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात; त्यांतल्या तीन महाराष्ट्रातल्या : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. या ७५ गटांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘पीएम-जनमन’ हे अभियान सुरू झालं. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी २४ हजार १०४ कोटी रुपयांचं. त्याचं दरपत्रक वाचण्यासारखं आहे : पक्कं घर २ लाख ३९ हजारांना, अंगणवाडी १२ लाखांना, बहुउद्देशीय केंद्र ६० लाखांना, वसतिगृह २ कोटी ७५ लाखांना, आणि रस्ता किलोमीटरला १ कोटी.

घराचा आकडा फोडून पाहिला तर त्याचे तीन तुकडे होतात. घरबांधणीसाठी २ लाख, शौचालयासाठी १२ हजार, उरलेले रोजगार हमीच्या मजुरीचे. इथे सपाटी आणि डोंगर असा भेद नाही. सरसकट दोन लाख. म्हणजे नेहमीच्या घरकुलापेक्षा ८० हजार जास्त.

हे जास्तीचे ८० हजार किती मोलाचे, ते विटांवरून कळतं. आत सव्वासहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद असं २५ चौरस मीटरचं घर घेऊ. बाहेरच्या भिंतींचा घेर साडेएकवीस मीटरच्या आत-बाहेर. उंची तीन मीटर. दारं-खिडक्या वजा केल्या तर उरते सुमारे ५८ चौरस मीटर भिंत. नऊ इंची बांधकाम धरलं तर ते १३ घनमीटरहून थोडं जास्त होतं, आणि घनमीटरला ५०० विटा हा गवंड्यांचा जुना हिशेब. मधली पातळ भिंत धरून सगळं मिळून सात हजार विटा. वीट आठ रुपयांना धरली तर ५६ हजार रुपये. १ लाख २० हजारांच्या घरकुलात जवळजवळ निम्मी रक्कम विटांतच संपते; अजून पाया, स्लॅब, सळई, दारं, गवंड्याची मजुरी बाकीच आहे. म्हणून नऊ इंची भिंत सहा इंचांवर येते आणि स्लॅबच्या जागी पत्रा येतो. दोन लाखांत तीच वीट २८ टक्क्यांवर उतरते आणि घराला स्लॅब शक्य होतो.

इथे एक गोष्ट चक्रावून टाकते. ही वीट पाडतं कोण? कातकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हंगामी स्थलांतर करत आली आहेत. पूर्वी काथ आणि कोळसा, नंतर मोठ्या प्रमाणावर वीटभट्ट्या. दिवाळीच्या सुमाराला मालकाकडून उचल घेऊन अख्खं कुटुंब भट्टीवर जातं आणि पावसाळा तोंडावर आला की वाडीवर परततं. बरोबर हेच महिने बांधकामाचे आहेत. सह्याद्रीच्या पावसात पाया खणता येत नाही. घर बांधायचं तर वाडीवर थांबायला हवं, उचल फेडायची तर भट्टीवर जायला हवं. रोजगार हमीचे ९० दिवस आणि भट्टीचे दिवस एकाच कॅलेंडरमधून काढायचे आहेत. घर मंजूर झाल्यापासून बारा महिन्यांत पुरं करायचं असतं. पुढचे हप्ते जोत्याच्या, भिंतीच्या, छपराच्या टप्प्यांवर, अक्षांश-रेखांशासह काढलेला फोटो चढवल्यावर मिळतात. जोत्याजवळ उभं राहायला घरातलं माणूस वाडीवर हवं. त्या थांबण्याला रकाना नाही.

पाण्याचा एक टक्का

याहून बारीक, आणि म्हणून मला अधिक विलक्षण वाटणारी, गोष्ट पाण्याची. केंद्रीय दरपृथक्करणात साहित्य आणि मजुरी यांची बेरीज झाली की खाली एक ओळ येते : पाण्यासाठी १ टक्का. सरकारी इमारत बांधताना पाणी फुकट मिळत नाही, ते आणावं लागतं, हे तिथे गृहीत धरलेलं आहे. ती बेरीज पन्नास लाख असेल तर ही ओळ पन्नास हजारांची होते.

घरकुलाला किती पाणी लागतं? स्लॅबच्या तीस गोण्यांना, गोणीमागे पंचवीस-तीस लिटर धरलं तर, काँक्रीट कालवायलाच साडेसातशे ते नऊशे लिटर. जोतं, बांधकाम, गिलावा यांचं वेगळं. पण खरं पाणी पुढेच आहे. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. ती क्रिया चालू राहण्यासाठी स्लॅब ओला ठेवावा लागतो. मानकानुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राखमिश्रित सिमेंटला दहा. बाजारात बहुतेक जागी आता दुसऱ्या प्रकारचंच सिमेंट मिळतं. स्लॅबवर मातीचे किंवा मसाल्याचे छोटे बांध घालून पाणी तुंबवायचं. तीस चौरस मीटरवर नुसता इंचभर पाण्याचा थर ठेवायचा तरी साडेसातशे लिटर होतात, आणि एप्रिलच्या उन्हात ते रोज आटतं.

एप्रिलमध्ये त्या वाड्यांवर विहिरीचा तळ दिसत असतो. पाणी आणते ती घरातली बाई किंवा मुलगी. तिची प्रत्येक खेप काँक्रीटची ताकद वाढवते, अगदी अभियांत्रिकीच्या अर्थानं. क्युरिंग, म्हणजे हे ओलं ठेवणं, नीट झालं नाही तर स्लॅबला भेगा जातात आणि अपेक्षित मजबुती येत नाही. ठेकेदाराच्या कामात या खेपांना १ टक्का आहे. घरकुलात त्यांचा उल्लेखही नाही. इकडे चिखलीत महापालिकेनं मोठं जलशुद्धीकरण केंद्र उभारलं आहे. मावळातल्या आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीतून निघोजे इथे उचलून त्यात येतं आणि इमारतींच्या टाक्यांत चढतं. आमचे स्लॅब त्या पाण्यावर पिकतात आणि त्याचं बिल होतं.

जमिनीची रिकामी ओळ

सरकारी घराच्या हिशेबातला सर्वांत मोठा रिकामा रकाना जमिनीचा आहे, आणि त्याचं उदाहरण चिखलीतच उभं आहे. ३ डिसेंबर २००५ रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झालं. त्यातून महापालिकेनं चिखलीच्या सेक्टर १७ आणि १९ मध्ये घरकुल प्रकल्प हाती घेतला. आधी १३ हजार २५० घरांचा बेत होता. तो पुढे ६ हजार ७२० वर आला. त्या अभियानाच्या नियमांत लाभार्थ्याचा वाटा किमान १२ टक्के होता. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर दुर्बल घटकांसाठी १० टक्के. आणि जमिनीच्या खरेदीला केंद्राचा पैसा चालणार नव्हता. सवलत फक्त ईशान्येकडच्या आणि डोंगराळ राज्यांना. चिखलीत हे जमलं, कारण १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाकडे जमीन होती.

कातकरवाडीमागे असं प्राधिकरण नसतं. कित्येक वाड्या खासगी मालकाच्या किंवा वन खात्याच्या जागेवर वसलेल्या आहेत. जागा नावावर नाही म्हणून यादीत नाव असूनही घर अडतं. ही अडचण सरकारला दिसली तेव्हा महाराष्ट्रानं पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावानं घरकुलासाठी जागा खरेदीला साहाय्य देणारी योजना काढली. सुरुवातीला ५० हजार, नंतर १ लाखापर्यंत.

७९६

आदिवासींसाठीचा हा सगळा पैसा वाटेत दुसरीकडे वळत नाही कशावरून? त्यासाठी हिशेबाच्या पुस्तकात एक आकडा राखून ठेवलेला आहे : ७९६. भारतातल्या सरकारी खर्चाची प्रत्येक नोंद लेखाशीर्षाच्या साखळीत बसते. खातं शिक्षणाचं असो, रस्त्यांचं असो की आरोग्याचं. त्यातला जो पैसा आदिवासी उपयोजनेचा, म्हणजे आदिवासींसाठी बाजूला काढलेला, त्याच्या गौण शीर्षात ७९६ येतो. देशभर एकच खूण. जलसंधारणाच्या कागदांत ती दिसली, तरी तो रुपया कुणासाठी ठेवलेला आहे ते कळतं.

महाराष्ट्रानं यात स्वतःची भर घातली. एकेक खातं आपल्या मर्जीनं आदिवासींसाठी वाटा काढी, आणि तो कागदावरच राही. द. म. सुखठणकर यांच्या समितीनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा क्रम उलटा केला : राज्य योजनेतला ठराविक वाटा आधीच आदिवासी विकास विभागाच्या हाती द्या, मग त्यानं ठरवावं कुठे काय बांधायचं. २०११ च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या ९.३५ टक्के होती. निधीचा वाटा त्याच प्रमाणाशी जोडलेला आहे. आपल्या भागासाठी हे काम एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या घोडेगाव कार्यालयातून चालतं.

२०१५ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. राज्यपालांच्या निर्देशानुसार आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के थेट पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना मिळू लागले. कशावर खर्च करायचे ते ग्रामसभेनं ठरवायचं. आपल्या जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नरमधली अनुसूचित गावं यात येतात.

अमेरिका या वाटेवरून बरीच पुढे गेली आहे. १९७५ च्या इंडियन सेल्फ-डिटर्मिनेशन कायद्यानं तिथल्या मूळनिवासी जमातींना सरकारी बांधकामाचा करार स्वतःच घेता येतो. त्या कराराच्या अंदाजपत्रकात जमातीच्या प्रशासनाचा खर्च चालतो, सुरुवातीच्या तयारीचा चालतो, अकल्पित खर्चाचा चालतो. आणि ठराविक रकमेचा करार असेल तर वाजवी नफासुद्धा चालतो. ज्या जमातीसाठी शाळा किंवा दवाखाना बांधायचा, तिनंच तो बांधून वर नफा कमवावा, असं कायदा म्हणतो. घरांच्या बाबतीत तिथलं गृहनिर्माण खातं प्रदेशागणिक आणि खोल्यांच्या संख्येगणिक एका घराच्या खर्चाची कमाल मर्यादा जाहीर करतं. आपल्याकडे दोन भाव आहेत, सपाटी आणि डोंगर. तिथे नकाशावर भाव पसरलेले आहेत.

रकाने जन्माला येतात

एवढं वाचून अंदाजपत्रक म्हणजे अन्यायाची यादी वाटेल. मला तसं वाटत नाही. मला त्यातली सर्वांत नवलाची गोष्ट ही वाटते, की रकाने वाढत गेले आहेत. १९८५ मध्ये इंदिरा आवास सुरू झाली. पुढे शौचालयासाठी वेगळे १२ हजार मिळू लागले. घरच्यांच्या श्रमाला मजुरी मिळू लागली. महाराष्ट्रात आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आली. जागेच्या खरेदीला पैसे आले. वाळूच्या भावानं घरं अडली तेव्हा घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं धोरण आलं; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कातकरी, कोलाम आणि माडियांसाठी दोन लाखांचं घर आलं. केंद्रानं ठरवलेले १ लाख २० हजार २०१६ पासून जागचे हलले नाहीत, तेव्हा २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्यानं ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर ऊर्जेसाठी.

यातला एकही रकाना आपोआप उगवलेला नाही. आधी कुणीतरी तो खर्च स्वतः सोसला, मग ग्रामसभेत, मोर्च्यात किंवा लेखापरीक्षणात बोलून दाखवला, मग तो शासन निर्णयात आला. म्हणजे आज जे मोजलं जात नाही ते मोजता येत नाही, असं नव्हे. डोक्यावरून वाहतुकीचा भाव केंद्रीय दरसूचीत आहे. पाण्याचा एक टक्का पृथक्करणात आहे. मेळघाटाची टक्केवारी राज्याच्या दरसूचीत आहे. ठेकेदाराच्या शाळेसाठी तयार असलेल्या या ओळी कातकऱ्याच्या घराकडे वळवायच्या, तर नवं शास्त्र शोधावं लागणार नाही. दोन कागद शेजारी ठेवावे लागतील.

ते कागद कुणालाही मागता येतात. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, प्रतीला पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या आश्रमशाळेचं अंदाजपत्रक मागवा, लीडचा तक्ता आणि पाण्याची ओळ शोधा, आणि येत्या ग्रामसभेत तो कागद घरकुलाच्या मंजुरीपत्राला लावून विचारा : या घराचं लीड कुणी भरलं?